चौऱ्याऐंशी ठोके

आरामनगरातल्या एका बंगलीत
फर्झाद नावाच्या पोरानं मला खुर्चीवर बसवलं
आणि म्हणाला, काका, वाजवू नका.
नुसतं मारा.
एक ठोका. मग थांबा, आवाज मरेपर्यंत.
मग दुसरा.

आवाज मरेपर्यंत थांबायची सवय नव्हती मला.
आमच्यात एक मरायच्या आत दुसरा उठवतात,
त्यालाच ताल म्हणतात.

तरी मारले.
ता हळू, ता मध्यम, ता जोरात.
घिस्सा अकरा तऱ्हांचा.
ढोलकी काळी चारला चढवून नेलेली,
एसीच्या गारठ्यानं कातडं आखडलं, स्वर वर सरकला,
दोनदा कड्या सैल केल्या.
दिवेलागणीपर्यंत चौऱ्याऐंशी झाले.
मग नऊ हजार रुपये फोनवर आले, टुंग करून.
तो पंच्याऐंशीवा.

सही केली. कागद इंग्रजीत होता.
‘कायमचं’ कुठं लिहिलंय
ते त्यानं बोट ठेवून दाखवलं.
पोरगा प्रामाणिक होता.

तेव्हापासून मी कुठंही वाजतो.
टेंभीपाड्यात कुणाच्या हळदीला, डीजेच्या भिंतीतून.
हिंगाच्या जाहिरातीत.
कसल्याशा गेममध्ये, म्हणे,
राक्षस पडला की माझी गुमक येते.
सुनयना फोन माझ्या कानाला लावते,
बाबा, हे तुम्हीच ना?
मी म्हणतो, बोट माझं. डोकं माझं नाही.
त्या धुमनंतर असला ना
मी उपाशी मेलो असतो तरी घेतला नसता.

सुपाऱ्या आता वर्षाकाठी सात-आठ.
सुनयना माझे व्हिडिओ टाकते,
एकावर चाळीस हजार बदाम पडले.
त्या महिन्यात त्यांतून जे आलं
त्यातून ढोलकीचं एक पान मढवलं, एकच.
दुसरं अजून जुनं आहे.

पहाटे साडेपाचला कॅनडातला अन्वय शिकायला बसतो.
त्याच्याकडे अजून काल असतो.
त्याचा ठोका माझ्यापर्यंत पोचतो पाऊण मात्रा उशिरा,
म्हणून आम्ही मिळून कधीच वाजवत नाही.
मी वाजवतो, तो ऐकतो.
तो वाजवतो, मी ऐकतो.
फी मात्र वेळेवर येते.

माझी ओळखायची एक खूण आहे.
एकोणचाळिसाव्या ठोक्याच्या किंचित आधी
मी ‘हं’ म्हणालोय.
हरीबांनी पाठीत बुक्क्या घालून लावलेली सवय.
श्वास पोटात कोंडून सम गाठता येत नाही, म्हणायचे, सोड तो.
फर्झाद ते कापायला विसरला.

मागल्या माघात कांजूरला एका लग्नात बोलावणं आलं,
डीजेबरोबर बसायचं, शोभेला.
तिसऱ्याच गाण्यात तो आला.
हं. ठोका.
चार मात्रा.
हं. ठोका.
लॅपटॉपमागच्या पोराला काय ठाऊक.
मी ढोलकी पुढं ओढली आणि त्याच्या फटीत शिरलो,
लग्गी लावली, उलटी फिरवली, तिहाई टाकली,
नवरदेवाचा मामा फेटा सोडून नाचला.
पण समोरचा दमेना.
दर चौथ्या मात्रेला तोच श्वास सोडत होता,
घेत मात्र एकदाही नव्हता.
मला घ्यावा लागला. एकसष्ट वर्षांचा आहे मी.
बिदागी दीड हजार. डीजेचे बावीस.

परवा पहाटे अन्वय मध्येच थांबला.
काका, ठोक्याच्या आधी तुमच्याकडून
कसला तरी आवाज येतो.
मला वाटायचं नेटचा आहे.
म्हटलं, नेटचा नाही.
मग शिकवाल मला?

पडद्यामागून सुनयना मान हलवत होती, हो म्हणा, हो म्हणा.
शिकवतो की, म्हटलं.
त्याची फी वेगळी.